बुटक्या सरडगुहिऱ्यांचा नवा संच : संपादन, निवास व निगा (मुकुटबन परिसरासाठी)

बुटका सरडगुहिरा म्हणजे पूर्व आफ्रिका व मादागास्करमधील शॅमेलिऑनांचा ठेंगू गट. हौशी पालकांच्या घरी बहुधा ‘रिपेलिऑन ब्रेव्हिकॉडेटस’ ही जात दिसते. ती टांझानियातील उसांबारा व उलुगुरू डोंगरांच्या दमट जंगलात पालापाचोळ्यात राहते आणि शेपटीसकट भेंडीएवढी, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर भरते. हनुवटीखाली खवल्यांची तोकडी दाढी आणि कुशीवर वाळक्या पानाच्या शिरेसारखी रेघ ही तिची ओळख. मादागास्करचा ‘ब्रुकेसिया नाना’ याहून लहान आहे. शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा नराची लांबी शेपटी धरून जेमतेम २२ मिलिमीटर भरली. तो मुकुटबनला आणू नये; पहिल्याच केरात जाईल. रंगबदलाची ज्यांना हौस आहे त्यांनीही इथेच थांबावे. बुटका सरडगुहिरा तपकिरी असतो आणि मनावर घेतलेच तर थोडा वेगळा तपकिरी होतो.

पालनाचे गाव म्हणून मुकुटबनची योग्यता आधी तपासलेली बरी. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातले, तेलंगणाच्या सीमेकडचे हे गाव. भोवती कापूस, सोयाबीन आणि सागाचे जंगल, जमिनीखाली चुनखडी आणि त्या चुनखडीवर उभा राहिलेला सिमेंटचा कारखाना. प्राण्याला वीस ते चोवीस अंश सेल्सिअस मानवते. अठ्ठावीसच्या पुढे तो धापा टाकू लागतो. मे महिन्यात या पट्ट्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. या दोन आकड्यांमधले अंतर भरून काढणे हेच खरे पालन.

संपादनाचे मार्ग तीन. पहिला परदेशाचा. टांझानियाने २०१६ मध्ये जिवंत वन्यप्राण्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे पिंजऱ्यात जन्मलेली, बहुधा युरोपातली पिल्ले शोधावी लागतात. २ जानेवारी २०१७ पासून ही जात वन्यजीव व्यापाराच्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना हवा. त्यानंतर विदेश व्यापार महासंचालनालय, पशु विलगीकरण केंद्र आणि नागपूरच्या वनभवनातले मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय अशी यात्रा करावी. प्राण्याचे वजन काही ग्रॅम आणि फाइलीचे काही शे ग्रॅम, तेव्हा प्रवासाची पिशवी फाइलीच्या मापाने घ्यावी. दुसरा मार्ग देशातच कोणाकडून तरी घेण्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि अशा परदेशी प्राण्यांचा ताबा, हस्तांतर व जन्म सरकारदरबारी नोंदवावा लागतो. विकणारा कागदाऐवजी ‘काही होत नाही हो’ एवढेच देत असेल तर आल्या पावली परतावे. तिसरा मार्ग कुंपणावरून सरडा उचलण्याचा. विदर्भातल्या झुडपांत आपला हिरवा भारतीय सरडगुहिरा सापडतो खरा, पण तो चांगला फूटभर लांब असतो, याच कायद्याने संरक्षित आहे आणि त्याला पकडणे हा गुन्हा आहे. बुटका म्हणून त्याला खपवण्याचा प्रयत्न करू नये. वनरक्षकांना प्राण्याची लांबी कळते.

संचात एक नर व दोन माद्या असाव्यात. दोन नर एका पेटीत नांदत नाहीत. नराची शेपटी लांब व बुडाशी जाड, मादीची आखूड. ही परीक्षा पुस्तकात सोपी आहे. प्रत्यक्षात प्राणी शेपटी पानाखाली ठेवतो. नवा संच आला की पहिले काही आठवडे त्याला जुन्या संचापासून वेगळे ठेवावे आणि विष्ठा जंतांसाठी तपासून घ्यावी. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल, शेळ्या आणि कोंबड्यांचा अनुभव भरपूर असतो, पण साबुदाण्याहून बारीक नमुना घेऊन रांगेत उभे राहण्याआधी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारपूस केलेली बरी.

निवासासाठी पंचेचाळीस सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीची, जाळीच्या झाकणाची काचपेटी घ्यावी. तळाशी फुटक्या कवेलूंचे तुकडे, त्यावर कोकोपीट, वाळू व कुजलेल्या पानांची माती आणि सर्वांत वर पालापाचोळा. शेतातली काळी माती वापरू नये. ओली झाली की ती चिकटते आणि वाळली की भेगाळते, आणि त्या भेगेत संच कायमचा जमा होतो. पाने सागाची चालतात, पण ती आपल्या बांधावरची असावीत. टिपेश्वर अभयारण्यातून पोते भरून आणण्याचा विचार मनातही आणू नये. दिवसातून दोनदा पाण्याचा बारीक फवारा मारावा, कारण हा प्राणी वाटीतले पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. चुनखडीच्या मुलखातले पाणी जड असते. आठवड्याभरात काचेवर पांढरे डाग धरतात आणि आधीच न दिसणारा प्राणी आता काचेमुळेही दिसेनासा होतो. आरओचा जार लावावा.

उन्हाळ्याचा प्रश्न वैदर्भीय माणूस कूलरने सोडवतो. गवताचे ताजे टट्टे लावलेला लोखंडी कूलर कोरड्या हवेत खोली दहा-पंधरा अंशांनी उतरवतो, म्हणजे पंचेचाळीसवरून तिशीला आणतो. माणसाला तेवढे पुरते, सरडगुहिऱ्याला नाही. त्यामुळे एसी लागतो. एसी हवा कोरडी करतो म्हणून फवारे वाढतात, फवारे वाढले की बुरशी धरते, आणि बुरशीसाठी झाकणाची जाळी मोकळी ठेवली की पेटी पुन्हा सुकते. घरात एसी एकच असेल तर तो संचाच्या खोलीत बसवावा. कुटुंबाने कूलरसमोर झोपावे. त्यांची सवय आहे. वीज गेल्यास पेटी रांजणाशेजारी ठेवून भोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि वीज येईपर्यंत गोणपाट ओले ठेवण्याचे काम घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीकडे द्यावे. पावसाळ्यात हवा आपोआप दमट होते, आणि ऑगस्टमध्ये बहुतेक पालकांना आपण तज्ज्ञ झाल्यासारखे वाटते. हिवाळ्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

खाद्य म्हणजे फळमाश्या, अंड्यातून नुकतीच निघालेली रातकिड्यांची पिल्ले आणि पाचोळ्यातले बारीक किडे. बाजार उठताना उरलेली काळी केळी बाटलीत ठेवली की माश्यांची पैदास घरबसल्या होते. शेजाऱ्यांच्या घरीही होते. कपाशीवरचे किडे मात्र कधीच आणू नयेत. याच जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या विषापुढे भेंडीएवढ्या जिवाचा टिकाव लागणार नाही. माश्या देण्यापूर्वी त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावे. ही भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडीतला मुख्य घटक, आणि ती छोट्या डबीतून कुरियरने मुकुटबनला येते.

पाहुण्यांचा प्रश्न या सर्वांहून अवघड आहे. ‘आफ्रिकेचा प्राणी आणला’ ही बातमी गावभर व्हायला संध्याकाळ लागत नाही. मंडळी येतात, काचेला नाक लावतात आणि पाचोळा पाहतात. ‘काही दिसून नाही राहिलं न बे’ हा पहिला अभिप्राय, ‘एवढ्याले किती पडले?’ हा दुसरा. किंमत सांगू नये. प्राणी बाहेर काढून दाखवण्याचा मोहही टाळावा. तळहातावर घेतले की तो अंगभर थरथरतो आणि ती थरथर बोटांना मोबाइलच्या कंपनासारखी जाणवते. तरीही सोडले नाही तर आडवा पडून मेल्याचे सोंग घेतो. त्यावर कोणी तरी ‘मेलं वाटते बापा’ म्हणते आणि पालकाची उरलीसुरली पत जाते. मोठ्या माणसांना चहा द्यावा, मुलांना पाने मोजायला लावावे.

सर्व जमले तर मादी ओल्या पाचोळ्याखाली मोजकी अंडी घालते आणि काही आठवड्यांनी नखाएवढी पिल्ले बाहेर येतात. त्यांना फळमाशीही मोठी पडते. मातीतले सूक्ष्म किडे लागतात. प्रत्येक जन्म सरकारदरबारी नोंदवायचा असल्याने अचूक मोजणी आवश्यक आहे. ती दिवसा होत नाही. रात्री संच पेटीतल्या रोपांच्या टोकांवर चढून झोपतो, तेव्हा टॉर्च घेऊन, दिवा थेट डोळ्यांवर न मारता मोजावे. आकडा नोंदीपेक्षा कमी आला तर पाचोळा हाताने तपासावा, आणि जास्त आला तर दुसऱ्या रात्री पुन्हा मोजून मगच अर्ज भरावा.