रॅम निजधामी धाडण्याचा विधी

चांगली चालती रॅम मारायला हातोडा लागत नाही, अंगावरची स्थिर वीज पुरते. विधी मात्र यथासांग व्हायला हवा.

आधी मुहूर्त. मुंबईचा जुलै टाळावा. दमट हवेत भार टिकत नाही. नागपूर-अकोल्याकडची एप्रिलची दुपार उत्तम, फक्त कूलर बंद ठेवावा. तो खोलीत ओलावा आणतो आणि सगळ्यावर पाणी फिरवतो. हवेत 10-20 टक्के आर्द्रता असताना गालिच्यावर चालणाऱ्याच्या अंगावर 35,000 व्होल्टपर्यंत दाब साचू शकतो. ती 65 टक्क्यांपुढे गेली की आकडा 1,500 च्या आसपास घसरतो. गालिचा नसल्यास पॉलिस्टरचा शर्ट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत चुळबुळ करावी.

मग रॅम उचलावी, तीही सोनेरी पट्ट्यांना धरून. कडेला धरणारे भित्रे असतात.

काही जाणवले नाही म्हणून साधकाने खट्टू होऊ नये. माणसाला झटका कळायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात, काही चिपांना मात्र शंभराहून कमीही पुरतात. शिवाय रॅम जागच्या जागी मरेलच असे नाही. तिच्या ट्रान्झिस्टरांत काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो कधी फाटतो, कधी नुसता दुखावतो. दुखावलेली रॅम महिनोन्‌महिने चालते आणि प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री निळा पडदा दाखवते. तोवर संशय विंडोजवर किंवा दुकानदारावर गेलेला असतो. खुनाची इतकी सोय दुसरीकडे क्वचितच.

अर्थिंगचा मनगटपट्टा हा या विधीतला अपशकुन. तो बांधावाच लागला तर त्याचा चिमटा लाकडी टेबलाच्या पायाला लावावा. पट्ट्यात 1 मेगाओहमचा रोधक असतो, तो बांधणाऱ्याच्या जिवासाठी. रॅमला वाचवते ते खरे अर्थिंग, आणि जुन्या इमारतींत अनेकदा प्लगच्या जाड पिनेमागे वायरच नसते, ही साधकाला आयती मदत.

मदरबोर्ड ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीतून येतो, तिच्यावरच तो ऐटीत मांडावा. तिचे संरक्षण आत असते, वर नाही, हे कोणी सांगू लागल्यास चहा मागवावा. गुलाबी पिशवीही चालेल: ती स्वतः फारसा भार निर्माण करत नाही, पण बाहेरून आलेली ठिणगी अडवतही नाही.

उरलेली रॅम थर्माकोलच्या तुकड्यांत खुपसून खणात ठेवावी. ती जिवंत आहे की नाही याची शंका आली, तर वाढदिवसाला भाच्याला द्यावी.