चार कड्यांचा धनी

मराठी घरातील आसनांचे वर्गीकरण करू गेल्यास पाट, चौरंग, बाज, आरामखुर्ची आणि सोफा यांना आपापला खाना देता येतो. झोपाळा मात्र कोणत्याच खान्यात नीट बसत नाही, कारण त्याला पाय नसतात, तो बसण्यासाठी घेतला जातो आणि नाव मात्र झोपेचे लावतो. तुळईत किंवा स्लॅबमध्ये बसवलेल्या कड्यांना साखळ्यांनी टांगलेली लाकडी फळी, एवढीच त्याची व्याख्या असून कोकणात तो ओटीवर किंवा पडवीत दिसतो, विदर्भात त्याला बंगई म्हणतात आणि शहरातील सदनिकेत तो बैठकीच्या खोलीची अर्धी जागा खातो. ही व्याख्या वस्तूपुरती बरोबर आहे. परंतु झोपाळा असलेल्या बहुतेक घरांत त्या फळीबरोबर एक गृहस्थही टांगलेला आढळतो, आणि या विवेचनाचा विषय ती फळी नसून तो गृहस्थ आहे.

त्याचे वय साठीच्या आगेमागे असते, वेष धुवट पायजमा आणि बाह्यांची बंडी हा असतो, आणि घरात त्याला नाना, अण्णा, भाऊ यांपैकी काहीही म्हणत असले तरी त्याच्या अधिकाराचा उगम नात्यात नसून आसनात असतो. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असू शकतात, सदनिका पत्नीच्या नावावर असू शकते, बँकेच्या खात्यात मुलगा सहधारक असू शकतो; झोपाळ्याला मात्र एकच धनी असतो, आणि त्याबद्दल कोठेही काही लिहून ठेवलेले नसताना कोणालाही शंका नसते.

झोपाळा निवडताना हा गृहस्थ जेवढी चिकित्सा करतो तेवढी त्याने जावई निवडताना केल्याचे घरच्यांना आठवत नाही. फळी सागवानी हवी, तीही नव्या लाकडाची नव्हे तर पाडलेल्या वाड्यातून निघालेली हवी, असा त्याचा दंडक असतो. तो फळीवर बोटाच्या पेराने टकटक करतो, आवाज कान देऊन ऐकतो, लाकडाचा वास घेतो आणि सुतार समोर उभा असतानाच ‘चीप आहे’ असा शेरा मारतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड अशी सागवानी फळी पंचवीस ते तीस किलो भरते, हे तो स्वतः एकदाही न उचलता छातीठोकपणे सांगू शकतो. गुजरातेत संखेडा येथे लाखेच्या रंगात घडवलेले झोपाळे त्याने पाहिलेले असतात, पण ते त्याच्या मते लग्नाच्या हॉलमध्ये शोभणारे खेळणे होय. साखळ्यांच्या बाबतीत मात्र हा विरागी पुरुष विरघळतो, आणि पुण्यातील असल्यास बोहरी आळीत तीन फेऱ्या मारून मोर, हत्ती आणि पोपट ओवलेल्या पितळी साखळ्या घरी आणतो.

खरा मतभेद कड्यांच्या संख्येवर होतो. दोन कड्यांच्या झोपाळ्यात प्रत्येक बाजूच्या दोन साखळ्या वर एकाच कडीत मिळतात, त्यामुळे झोक्याबरोबर फळीही कलते आणि कोणी नुसता काठावर टेकला तर ती पुढे झुकते. चार कड्यांच्या झोपाळ्यात पुढच्या व मागच्या साखळ्या एकमेकींना समांतर राहत असल्याने फळी कोठेही गेली तरी जमिनीशी सपाट असते. या गृहस्थाला अर्थातच चार कड्यांचाच लागतो, कारण कलणे ही क्रिया त्याच्या स्वभावात नाही. यातील गोम अशी की, फळी कलणाऱ्या झोपाळ्यावर बशीतील चहा बशीबरोबरच कलतो आणि सांडत नाही, तर सपाट राहणाऱ्या फळीवर सपाट धरलेल्या बशीतील चहा प्रत्येक टोकाशी एका काठावर चढतो. बंडीवरील तपकिरी डागांचा उलगडा या यांत्रिकीत आहे. धनी मात्र त्याचे खापर बशी काठोकाठ भरणाऱ्यांवर फोडतो, आणि बारा-पंधरा वर्षांच्या सरावाने मनगट नेमके तेवढेच वळवायला शिकतो. ही कला अवगत झालेला माणूस चहा पिताना आरती ओवाळत असल्यासारखा दिसतो.

टांगण्याच्या प्रसंगी उंचीचा प्रश्न येतो. झोपाळा जमिनीपासून किती वर असावा याचे प्रमाण सुतारांकडे असते, परंतु येथे प्रमाण म्हणजे धन्याचा उजवा पाय: एक मांडी फळीवर घातली असता दुसऱ्या पायाचा अंगठा फरशीला अलगद लागला पाहिजे. या मोजमापाचा परिणाम असा होतो की पत्नी बसली तर तिचे पाय लोंबकळतात आणि उंचापुरा मुलगा बसला तर त्याचे गुडघे हनुवटीशी येतात, आणि दोघेही थोड्या वेळाने आपण होऊन उठतात. भाराचा हिशेब तो नातवंडांसाठी राखून ठेवतो. झोका साठ अंशांपर्यंत चढवला तर खाली येताना साखळ्यांवर बसलेल्या वजनाच्या दुप्पट ओढ पडते, हे गणिताने सिद्ध आहे. धनी ते सिद्ध न करता नुसते ओरडून सांगतो. मुले दमली नाहीत तर रिकामा झोपाळा हलवू नये हा जुना संकेतही तो पुढे करतो, म्हणजे मुलांना झोपाळा भरलेला असताना हलवता येत नाही आणि रिकामा असतानाही नाही.

वापराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. लंबकाचा एक पूर्ण झोका किती वेळ घेतो हे त्याच्या लांबीवर ठरते, लटकवलेल्या वजनावर नव्हे, हा गॅलिलिओचा शोध घरोघर रोज पडताळला जातो. सात फुटी साखळीचा झोका सुमारे तीन सेकंदांचा असतो, म्हणजे तासाला बाराशेच्या आसपास. या तीन सेकंदांत धन्याचे सर्व व्यवहार बसलेले असतात. पुढे येताना तो बोलतो, मागे जाताना विचार करतो, आणि समोरच्या माणसाला उत्तर द्यायचे असेल तर ते परतीच्या दीड सेकंदात उरकावे लागते. उधारी मागायला आलेला नातेवाईक, वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन आलेली मंडळाची मुले आणि नोकरी सोडू पाहणारा मुलगा या सर्वांना एका हलत्या लक्ष्याशी बोलावे लागते, आणि कडीच्या ‘कर्र-कुर्र’ आवाजात त्यांची निम्मी वाक्ये विरून जातात. झोपाळा थांबला की घर सावध होते. अंगठा फरशीवर रोवून झोका मध्येच अडवणे म्हणजे निर्णय झाला असे समजायचे असते. वीस वर्षांच्या अशा निर्णयांनी शहाबादी फरशीवर एक गुळगुळीत, पेढ्याएवढा डाग पडलेला असतो.

देखभाल हा शब्द या घरात दोन अर्थांनी वापरला जातो: देखणे धन्याकडे असते आणि भाळणे इतरांकडे. पितळेवर चढलेला काळेपणा चिंच किंवा पितांबरी लावून घासावा लागतो, मोराच्या मानेतील मळ जुन्या दातघासणीने काढावा लागतो, आणि हे काम दिवाळीपूर्वी सून व कामवाल्या मावशी करत असताना धनी शेजारी उभा राहून, पाय कोठे ठेवावेत हे न समजल्यासारखा, ‘हत्तीची सोंड राहिली’ असे सांगत असतो. कड्यांना तेल घालणे मात्र त्याने स्वतःकडे ठेवलेले असते. त्यासाठी तो खोबरेल तेल वापरतो, बाजारचे ग्रीस साखळीवरून ओघळून डोक्यावर पडते असा अनुभव सांगतो, आणि खोबरेल थंडीत थिजते हे दर डिसेंबरात कुरकुर परत आल्यावर नव्याने शोधून काढतो.

वर्षातील काही दिवस त्याला पदच्युत व्हावे लागते. घरात कोणाचे डोहाळजेवण असल्यास साखळ्यांना फुलांच्या माळा गुंडाळल्या जातात, आणि चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. तिचा झोपाळा बहुधा वेगळा, वीतभर आणि पितळी असतो, पण हळदीकुंकवाच्या दिवशी आंब्याची डाळ व पन्हे घेऊन बायका मोठ्या झोपाळ्याचाही ताबा घेतात. त्या संध्याकाळी हा गृहस्थ आतल्या खोलीत पलंगावर बसलेला सापडतो, आणि पलंग हलत नसूनही त्याचा अंगठा फरशीवर रेटा देत असतो.

अलीकडे या राज्याला एक प्रतिस्पर्धी उभा राहिला आहे. मुलगा किंवा जावई परदेशातून ‘हॅमक’ आणतो. दोन टोकांना बांधलेले हे कापडी किंवा जाळीचे आसन कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचे असून १४९२ साली कोलंबसाच्या मंडळींनी ते पाहिले आणि पुढे युरोपच्या खलाशांनी ते जहाजांवर नेले, कारण जहाज डोलले तरी झोपलेला माणूस खाली पडत नसे. त्यात नीट झोपायचे तर लांबीत न पडता तिरके पडावे लागते, म्हणजे पाठ सरळ राहते. धनी अर्थातच लांबीत पडतो, केळ्यासारखा वाकतो, आणि त्याला बाहेर काढायला दोन माणसे लागतात. उभा राहिल्यावर तो जे मत देतो त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही: ही झोळी आहे, आणि झोळीत एक तर तान्हे मूल असते, नाहीतर गोसाव्याची भिक्षा.

इमारत पुनर्विकासाला निघते तेव्हा या गृहस्थाची खरी परीक्षा होते. सभेत इतर सभासद चटईक्षेत्र, पार्किंग आणि घरभाडे यांवर भांडत असताना तो शेवटी उठतो आणि कड्यांचे काय, एवढेच विचारतो. नंतर भोक पाडून बोल्ट ठोकून देऊ, या आश्वासनावर तो सही करत नाही. हास्यास्पद वाटला तरी या मुद्द्यावर तो पूर्णपणे बरोबर आहे. झोपाळ्याची भरवशाची कडी स्लॅब भरण्यापूर्वी बसवायची असते आणि तिचे टोक लोखंडाच्या जाळीवरून वळवून घ्यायचे असते. ज्यांचे स्लॅब अजून पडायचे आहेत त्यांनी सेंट्रिंगच्या फळ्यांवर खडूने चार खुणा कराव्यात आणि काँक्रीट येण्याच्या सकाळी त्या स्वतः जाऊन मोजाव्यात.