पेन्शनीत निघालेली सत्ये

महाराष्ट्रात ज्या विषयांवर मत देण्यास पात्रतेचा कोणताही दाखला लागत नाही, त्यांत मधुमेहावरील औषधे आणि चालू मंत्रिमंडळाचे आयुष्य यांच्या मागोमाग मोटारीच्या इंजिनाचा क्रमांक लागतो. औषध चुकले तर रोगी तक्रार करतो, मंत्रिमंडळाविषयीचे भाकीत चुकले तर दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र माप पदरात घालते. इंजिन मात्र कितीही विपरीत सल्ल्याने हाताळले तरी बरेच महिने, क्वचित बरीच वर्षे, मुकाट्याने चालत राहते, आणि तेवढ्या अवधीत सल्ला देणारा गृहस्थ सल्ला विसरून जातो. इंजिनाविषयीचे गैरसमज इतके दीर्घायुषी का, याचे माझ्या मते हेच खरे कारण आहे. बीड हा मोठा सहनशील धातू आहे.

कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, परंतु कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्यापासून जिला सर्वत्र फियाट म्हणण्याचाच शिरस्ता आहे, अशा एका गाडीचा मालक या नात्याने मला या गैरसमजांचा दीर्घ सहवास घडला आहे. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन इतके उघडे, सुबोध आणि निष्कपट आहे की, बॉनेट वर केले असता पाहणाराला वाहन दिसत नाही, आमंत्रण दिसते. या सहवासातून माझे असे मत बनले आहे की, इंजिनाविषयीचा प्रत्येक गैरसमज हा केव्हा ना केव्हा, कोणत्या ना कोणत्या इंजिनाच्या पदरी, सत्य म्हणून नोकरीस होता. पुढे ते इंजिन गेले, ते पेट्रोल गेले, ते तेल गेले, आणि सत्य पेन्शनीत निघाले. परंतु पेन्शनीत निघालेला एखादा मामलेदार जसा रोज कचेरीत येऊन जुन्या खुर्चीवर बसतो आणि हुकूम सोडतो, आणि कारकून मंडळी सवयीने ते हुकूम बजावीतही राहतात, तसाच हा प्रकार आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनातून तापून निघालेले पाणी रेडिएटरकडे जाते त्या वाटेवर, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी एक झडप बसविलेली असते. तिच्या पोटात मेण असते. पाणी सुमारे ८० अंश तापेपर्यंत मेण घट्ट आणि झडप बंद. मेण वितळून फुगले की झडप उघडते आणि पाणी थंड होण्यास रवाना होते. इंजिन लवकर तापावे आणि तापल्यावर त्याच बेताच्या उष्णतेवर राहावे, एवढाच या योजनेचा हेतू. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जेथे ओतकामापासून क्रँकशाफ्ट घासण्यापर्यंतचे प्रत्येक काम हाकेच्या अंतरावर होते, एका मिस्त्रींनी माझ्या गाडीतील ही झडप काढून टाकली आणि बिलाच्या वेळी तसे मला कळविले.

“ते इंग्लंडच्या थंडीसाठी असतंय साहेब,” ते म्हणाले. “आपल्यात काय उपेग? उगंच पाणी अडवून धरतंय.”

“अहो, पण ही गाडी मूळची इटलीची.”

“मग इटलीत थंडी नसती व्हय?”

या युक्तिवादात भूगोलाची चूक काढण्यास जागा नव्हती. आता मिस्त्रींची कैफियत न्यायबुद्धीने ऐकली तर असे दिसते की, बोअरच्या जड पाण्याने ज्यांच्या रेडिएटरात क्षारांचे थर बसले आहेत आणि ज्यांचा थर्मोस्टॅट गंजून बंद स्थितीतच अडकला आहे, अशा शेकडो गाड्या त्यांनी उन्हाळ्यात वाफा सोडताना पाहिलेल्या असतात. अडकलेली झडप काढली की वाफ थांबते, गिऱ्हाईक दुवा देते, आणि एका गाडीवरील उपाय सर्व गाड्यांचा कायदा होऊन बसतो. परंतु झडप नसलेले इंजिन नेहमीच अर्धवट गार राहते. गार इंजिनाला चोक अधिक वेळ लागतो, पेट्रोल अधिक लागते. जे पेट्रोल जळत नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. आणि जळण्यातून उत्पन्न झालेली पाण्याची वाफ गार भिंतीवर आम्लासह साचून तिला खाते. सिलिंडरची झीज घर्षणापेक्षा या गारठ्याने अधिक होते, ही गोष्ट इंग्लंडातील संशोधकांनी १९३० च्या दशकातच प्रयोगाने सिद्ध केली होती. कित्येक इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडला की पाण्याची आडवाट बंद होते. झडपच काढली तर ही आडवाट कायमची मोकळी राहते, पाण्याचा काही भाग रेडिएटरला टाळून परत इंजिनात शिरतो, आणि थंडाव्यासाठी केलेल्या उपायाने इंजिन भर वैशाखात अधिकच तापते.

येथे मला मिस्त्रींची निंदा करावयाची आहे असा ग्रह होऊ नये. हेच गृहस्थ स्क्रूड्रायव्हरचे टोक टॅपेट कव्हरवर टेकवून, मूठ कानाशी धरून, डोळे मिटून क्षणभर उभे राहतात आणि आठांपैकी कोणता टॅपेट सैल आहे ते सांगतात. कव्हर उघडल्यावर फीलर गेजची पाती त्यांच्या बोलण्याची रुजुवात करतात. प्लग काढून, पोर्सेलीनचा रंग काळा आहे, पांढरा आहे की बिस्किटी आहे, एवढ्यावरून कार्बोरेटरच्या जेटचा निकाल ते देतात, आणि तो निकाल अपिलात फिरल्याचे मला स्मरत नाही. त्यांच्या हाताचे ज्ञान निर्दोष आहे. घोटाळा होतो तो मीमांसेत. हात जे करतो त्याचे कारण जिभेला सांगावे लागते, आणि जीभ त्यासाठी जुन्या दप्तरातून जे कागद हाती लागतील ते काढते.

इंजिनाला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घातल्यावर जो रनिंग-इनचा सोहळा सुरू होतो, त्याचेही असेच. एके काळी नव्या गाडीच्या मागील काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून मालक बैलगाडीलाही वाट देत जात असे, आणि ती पाटी लाजेची नसून प्रतिष्ठेची समजली जाई. त्या काळचे खडबडीत यंत्रकाम आणि त्या काळचे तेल पाहता ती सावधगिरी योग्यच होती. परंतु आजही बोअर केलेली गाडी ताब्यात देताना “हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका” हे फर्मान निघतेच. बोअर मारून होनिंग केलेल्या सिलिंडरमध्ये बॅटरीचा झोत टाकून पाहावे: भिंतीवर परस्परांना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म तिरक्या रेघा दिसतात, आणि त्यांवरून नख फिरवले तर किंचित खर लागते. या खरीचे माथे घासून पिस्टनच्या रिंगा भिंतीशी एकजीव व्हाव्या लागतात. आणि रिंगेला भिंतीवर दाबते कोण? तिची स्वतःची ताणशक्ती थोडी. खरा दाब असतो जळत्या वायूचा, जो रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला बाहेर रेटतो. गाडी सतत हलक्या पावलाने हाकली तर हा दाब उत्पन्नच होत नाही, रेघांवर तेलाची काचेसारखी झिलई चढते, आणि अत्यंत जपून चालविलेले ते इंजिन पुढे जन्मभर तेल खाते. लाडाने बिघडलेल्यांचे हे प्रमाण इंजिनांतही आढळावे, याचे मला नवल वाटत नाही. फार पळवू नये हे खरे; पण चढावर, मधूनमधून, मोकळ्या मनाने ॲक्सिलरेटर दाबावा हेही तितकेच खरे.

पेट्रोलविषयी बोलू लागलो तर हा लेख पुरवणी मागील. महागडे, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल घातले की गाडी अधिक पळते, ही श्रद्धा पंपावर रांगेत उभ्या असलेल्या सुशिक्षितांत अधिक दृढ असल्याचे मी पाहिले आहे. ऑक्टेन म्हणजे सामर्थ्य नव्हे. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा जो संयम, त्याचे ते माप आहे. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि हेप्टेनला शून्य गुण देऊन ते ठरविले गेले. ज्या इंजिनात मिश्रण जबर दाबले जाते त्याला हा संयम लागतो, नाही तर ते नॉकिंग करते. माझ्या फियाटचा दाब आजच्या गाड्यांच्या मानाने इतका सौम्य आहे की, तिला महागडे पेट्रोल पाजणे म्हणजे निव्वळ दानधर्म होय. पूर्वी हा संयम पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळून आणीत. अमेरिकेत टॉमस मिजली यांना त्याचा शोध १९२१ साली लागला, आणि आपल्याकडून ते २००० साली हद्दपार झाले. आता त्या जागी इथेनॉल आले आहे. त्याने ऑक्टेन वाढतो, परंतु लिटरामागे मिळणारी उष्णता मात्र घटते. तात्पर्य, ऑक्टेन चढला आणि ॲव्हरेज उतरले, असा प्रत्यय आज प्रत्येक पंपावर फुकट मिळतो. तरीही श्रद्धा ढळलेली नाही.

टाकीत डांबराच्या गोळ्या टाकणारे आणि पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधणारे, या दोन संप्रदायांविषयी मी बोलणार नाही. पहिल्याच्या मागे निदान रसायनशास्त्राची अंधुक आठवण आहे. दुसऱ्याच्या मागे केवळ विक्रेता आहे.

सायलेन्सरच्या बाबतीत मात्र दोन परस्परविरोधी मते एकाच गॅरेजात, कित्येकदा एकाच तोंडी, सुखाने नांदतात. सायलेन्सर मोकळा केला की ताकद वाढते, हे पहिले. आणि इंजिनाला मागून थोडा दाब हवाच, नाही तर त्याचा दम जातो, हे दुसरे. पहिले मत आवाजावरून बनलेले आहे, आणि ज्या समाजात वक्त्याचे मूल्यही काही वेळा त्याच पद्धतीने ठरते तेथे त्याबद्दल मोटारवाल्यांनाच दोष का द्यावा? दुसऱ्याची उत्पत्ती अधिक मनोरंजक आहे. कोणी उत्साही पुरुष मूळ नळी काढून दुप्पट रुंदीची बसवितो, आणि चौकातून गाडी सुटताना तिच्यात जीव राहिलेला नाही असे त्याला आढळते. यावरून तो असे अनुमान काढतो की, गेलेला अडथळा हाच इंजिनाचा आहार होता. वस्तुतः अडथळ्याने कोणत्याही इंजिनाचे भले झालेले नाही. नळी बेताची असली की जळका वायू तीतून वेगाने धावतो, आणि जाता जाता मागचा वायूही ओढून नेतो, त्यामुळे सिलिंडर स्वच्छ होऊन ताज्या मिश्रणाला जागा होते. रुंद नळीत हा वेगच मरतो. त्या गृहस्थाने घालविला तो वेग, आणि फिर्याद लावली ती दाब गेल्याची.

नव्या पिढीचे गैरसमज नवे असतील अशी माझी भाबडी अपेक्षा माझ्या भाच्याने धुळीस मिळविली. त्याने आपल्या गाडीला ‘थंड हवेचा’ म्हणून एक शंकूच्या आकाराचा फिल्टर बसविला आणि मला तो दाखविण्यास आणला.

“मामा, आठ हॉर्सपॉवर वाढते याने,” तो म्हणाला.

मी बॉनेटखाली हात घातला आणि तत्काळ बाहेर घेतला. मूळची नळी, जी पुढच्या जाळीतून बाहेरची ताजी हवा घेत होती, ती काढून हा शंकू थेट रेडिएटरच्या पाठीशी बसविलेला होता. बाहेर हवा ३० अंशांवर असता इंजिनाने ५० अंशांची हवा ओढली, तर तिची घनता सुमारे सहा टक्के कमी भरते, आणि हवा कमी तेथे ताकदही त्याच प्रमाणात कमी. ही जमाबंदी मी त्याला समजावून सांगितली.

“पण आवाज ऐका ना!” भाचा म्हणाला.

टर्बो असलेल्या गाडीत संगणकाला नवे हुकूम देऊन दाब वाढविला तर ताकद खरोखर वाढते, हे त्याचे म्हणणे मी मान्य केले, कारण ते खरे आहे. मात्र क्लच, गिअरबॉक्स आणि पिस्टन यांना त्या वाढीची पूर्वसूचना कोणी देत नाही, हे माझे म्हणणे त्याने अद्याप मान्य केलेले नाही.

आणि जी गोष्ट मी बरीच वर्षे शुद्ध भाकडकथा समजत असे, ती खरी असावी, हा या शास्त्राचा विनोद म्हटला पाहिजे. “रात्री गाडी जास्त पळती” असे ट्रकवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्व सांगतात. कोणी त्याचे श्रेय चंद्राला देतात, कोणी मोकळ्या रस्त्याला. परंतु हवा दहा अंशांनी गार झाली की ती सुमारे तीन टक्के दाट होते, इंजिनाच्या पोटात तेवढी अधिक जाते, आणि चढावर ते सराईत पायाला जाणवते. खोपोलीहून बोरघाट चढताना शिंगरोबाला नाणे वाहून निघालेला ट्रक रात्री जरा आनंदाने चढत असेल, तर त्यात शिंगरोबाच्या कृपेबरोबर वातावरणाच्या घनतेचाही वाटा आहे.

पुण्यात या सर्व कज्ज्यांचा निकाल लावण्याची सोय आहे. मोटारींची रीतसर परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ साली स्थापन झाली, आणि तिच्या प्रयोगशाळांत इंजिन डायनॅमोमीटरला जोडून त्याची ताकद आकड्यांत मोजली जाते. तेथे आवाजाला गुण नाहीत. ही संस्था वसली आहे ती मात्र वेताळ टेकडीवर. शहरातील इंजिनांची भुते जेथे उतरविली जातात त्या जागेला वेताळाचे नाव असावे, हे ज्याने कोणी जागा मंजूर केली त्याच्या रसिकतेचे द्योतक आहे. खाली पेठांतील गॅरेजांत मात्र तिचे निकाल अद्याप पोचल्याचे दिसत नाही.

ज्यांच्या दारी अजून एखादी जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर उभी असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे: टॅपेट, प्लग आणि टायमिंग मिस्त्रींच्या हाती निर्धास्तपणे सोपवावे, कारणे विचारू नयेत, आणि रेडिएटर धुऊन घेऊन गाडीत नवा थर्मोस्टॅट बसवावा. सुट्या भागांच्या दुकानात तो मागितला असता दुकानदार प्रथम “कशाला हवाय?” असे विचारील. पैसे पुढे करावेत आणि गप्प राहावे.