धमकोपासक

पुण्यासारख्या शहरात पहिलीवहिली नवी मोटार घेणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थांमध्ये एक पोटजात आढळते. तिला सोयीसाठी ‘धमकोपासक’ म्हणता येईल. धमक म्हणजे डग्ग्यावर थाप पडताच ऐकणाऱ्याच्या छातीत उमटणारा खर्जाचा हादरा. मोटारीच्या बाजारात त्याला ‘बेस’ म्हणतात, आणि गाडीची पूजा होऊन, चाकाखालचे लिंबू चिरडून, शोरूमबाहेरचा पहिला सिग्नल लागायच्या आत हा गृहस्थ ‘बेस नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. कंपनीनेच बसवून दिलेल्या, म्हणजे त्याच्या भाषेत ‘कंपनी फिटेड’ स्टिरिओविषयी त्याचे मन जे उडते ते कायमचे.

त्याची तक्रार अगदीच निराधार असते असे नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने असलेला ध्वनी ऐकू येतो. त्यातला ८० हर्ट्झच्या खालचा तळ उमटवायला पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि दारात बसवलेल्या सहा इंची स्पीकरचा तेवढा वकूब नसतो. केवळ हेच काम करणारा रुंद पडद्याचा स्पीकर म्हणजे सबवूफर. आता ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर भरते आणि करसवलतीसाठी आखूड ठेवलेली गाडी ४ मीटरच्याही आत असते, म्हणजे उपासकाचे दैवत देवळापेक्षा मोठे असते. पण असल्या हिशेबाने भक्ती कमी झाल्याचे उदाहरण नाही.

नाना पेठेतल्या फिटरकडे तो रविवारी सकाळी येतो आणि रुग्णाच्या नातेवाइकासारखा त्याच्या पाठीशी उभा राहतो. कंपनीच्या स्टिरिओला ॲम्प्लिफायरसाठी वेगळी वाट बहुधा ठेवलेलीच नसते, म्हणून मागच्या स्पीकरच्या तारांतून संकेत उचलून तो ॲम्प्लिफायरला झेपेल इतका सौम्य करावा लागतो. हे करणाऱ्या डबीला ‘हाय-लो कन्व्हर्टर’ म्हणतात. वॉरंटीच्या धास्तीने ‘वायर कापली नाही ना?’ असे तो दर पाच मिनिटांनी विचारतो, आणि ‘नाही साहेब, कपलर आहे’ असे म्हणत फिटर तारेचे सोललेले तुकडे चपलेखाली सरकवतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड तार ओढताना बॅटरीजवळच फ्यूज लावणे अत्यावश्यक असते, कारण वाटेत ती तार घासून पत्र्याला टेकली तर फ्यूजच विद्युतप्रवाह तोडतो, एरवी तार पेटते. सबवूफरभोवतीचा निळा दिवा निवडण्यात तीन संध्याकाळी घालवणारा हा चोखंदळ गृहस्थ घासाघीस करतो ती नेमकी या फ्यूजवर.

खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरही त्याची अढळ श्रद्धा असते. वास्तविक सतत पेलवणारी शक्ती ‘आरएमएस’ या आकड्यात दिलेली असते. ठळक अक्षरांतला आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो, आणि स्थळाच्या माहितीपत्रकातल्या पगाराइतकाच तो मनावर घ्यायचा असतो.

यथावकाश डिकी खोक्याने भरते, सासुरवाडीहून आलेले तांदळाचे पोते मागच्या आसनावर पट्टा लावून बसते, आणि पहिल्याच ठोक्याला मागची नंबरप्लेट ताशासारखी तडतडू लागते. मग पत्र्याला आतून डांबरी पट्ट्या चिकटवून ती थरथर दाबण्याचे दुसरे पर्व सुरू होते. या सगळ्यात गाणे मात्र कोणीच ऐकत नाही. उपासक प्रत्येक गाण्याचा ठोका पडण्यापुरता तुकडा वाजवतो, ॲम्प्लिफायरचे बटण केसभर फिरवतो आणि पुढच्या गाण्याकडे वळतो. ‘अहो, एखादं पूर्ण लावा की,’ ही पत्नीची विनंती त्याला तांत्रिक अज्ञानातून आलेली वाटते. मागे बसलेल्या आईने ‘पोटात हलतंय रे’ अशी तक्रार केली, तर तेच वाक्य तो पुढच्या रविवारी फिटरला प्रशस्तिपत्रासारखे ऐकवतो.

काचा बंद असल्या की गायकाचे शब्द बहुतांशी आत अडतात, पण खर्ज पत्र्यातून सहज बाहेर पडतो. त्यामुळे आतल्यांना निदान अर्धवट गाणी मिळतात, सोसायटीच्या वाट्याला नुसते ठोकेच येतात. गेटवरचा वॉचमन ते ओळखून आहे. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच खुर्चीखालचे स्टीलचे भांडे किणकिणते, तो चहाचा कप बाजूला ठेवतो आणि फाटक उघडतो. या गाडीचा हॉर्न त्याने आजवर ऐकलेला नाही.