एकच लेन दोघांना विकली

मदरबोर्डच्या खोक्यावर ‘पाच एम.२ स्लॉट’ (म्हणजे एसएसडी लावायच्या जागा) असं ठळक छापलेलं असतं. शेजारीच ‘१६ लेनचा ग्राफिक्स स्लॉट’. दोन्ही दावे खरे आहेत, पण बऱ्याच बोर्डांवर ते एका वेळी खरे नसतात. कुठला एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक्स कार्डाच्या निम्म्या लेन जातात, हे मॅन्युअलच्या आतल्या पानावर तक्त्याखाली बारीक अक्षरात दिलेलं असतं. बिल्डरने एकच पार्किंग दोन फ्लॅटवाल्यांना विकलं तर आपण त्याला फसवणूक म्हणतो. इथे मात्र तळटीप असली की सगळं माफ. मला हे मान्य नाही.

प्रोसेसरमधून थेट निघणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, मोजक्याच असतात. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून त्या २० निघतात: पीसीआय एक्सप्रेसच्या पाचव्या पिढीच्या १६ ग्राफिक्ससाठी आणि चौथ्या पिढीच्या ४ एका एसएसडीसाठी. बाकीचे एम.२ स्लॉट, साटा, यूएसबी, नेटवर्क हे सगळं चिपसेटच्या, म्हणजे बोर्डावरच्या जोडणीच्या चिपच्या गळ्यात. आता इंटेलच्या झेड७९० चिपसेटचा बोर्ड बनवणाऱ्याला खोक्यावर ‘पाचव्या पिढीचा एम.२’ हे शब्द हवे असतात. पाचव्या पिढीच्या लेन तर फक्त ग्राफिक्सकडेच आहेत. मग त्यातल्याच काढायच्या.

काढायच्या तरी किती? एसएसडीला लागतात चार. पण हे प्रोसेसर १६ लेनची वाटणी आठ-आठ अशीच करू देतात. म्हणजे त्या स्लॉटमध्ये एसएसडी बसली की कार्डाकडे आठ उरल्या, एसएसडीने चार घेतल्या आणि उरलेल्या चार कोणाच्याच कामाच्या नाहीत. ग्राहकाने पैसे मोजलेल्या चार लेन नुसत्या पडून! त्याहून वाईट म्हणजे त्या स्लॉटमध्ये चौथ्या पिढीची एसएसडी लावली तरी हेच होतं. तिला जादा वेग मिळत नाही, कार्डाच्या आठ लेन मात्र जातात. काही बोर्डांवर हा स्लॉट सगळ्यात वरचा, प्रोसेसरला चिकटून असतो. जोडणारा माणूस पहिली एसएसडी सवयीने तिथेच लावतो. त्याचा दोष नाही. बोर्डावर त्या जागी ‘इथे लावाल तर कार्ड अर्ध्यावर येईल’ असं एक वाक्य छापायला कितीसा खर्च येतो?

एएमडीकडे परिस्थिती थोडी बरी आहे. एएम५ सॉकेटच्या रायझेन ७००० आणि ९००० प्रोसेसरमध्ये २८ लेन आहेत. त्यांतल्या ४ चिपसेटकडे जातात आणि २४ वापरायला उरतात. शिवाय वाटणी आठ-चार-चार अशीही होऊ शकते. पण एएमडीच्याच एक्स८७० चिपसेटच्या बोर्डांवर यूएसबी४ सक्तीचं झालं आणि त्यालाही लेन लागतात. काही बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की त्याला आणि यूएसबी४ला दोन-दोन लेनवर भागवावं लागतं. त्याच बोर्डात रायझेन ७ ८७००जी हा प्रोसेसर बसवला तर लांबलचक ग्राफिक्स स्लॉटला मुळातच आठ लेन मिळतात. स्लॉटची लांबी पाहून आतल्या लेन कळत नाहीत.

‘आठ लेनने काही बिघडत नाही,’ हे उत्तर ठरलेलं. अर्धं खरं आहे, म्हणून नीट पाहू. चौथ्या पिढीची एक लेन सेकंदाला साधारण २ जीबी वाहते, तिसऱ्या पिढीची १ आणि पाचव्या पिढीची ४. चौथ्या पिढीच्या आठ लेन म्हणजे १६ जीबी. बहुतेक गेममध्ये भारी कार्डालाही त्याने किरकोळच फरक पडतो. आरटीएक्स ४०६० तर जन्मतःच आठ लेनचं कार्ड आहे. पण जुन्या, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर हाच हिशेब निम्म्यावर येतो. २०२२ साली आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला चारच लेन होत्या आणि तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याची दमछाक झाली. कार्डाची मेमरी अपुरी पडून डेटा रॅममधून ये-जा करू लागला की लेन कमी असल्याचं लगेच जाणवतं. आणि फरक पडत नसेलच, तर ही गोष्ट खोक्याच्या दर्शनी बाजूला छापायला हरकत काय?

लेन वाटून घेणं हा गुन्हा नाही. चांगलं डोकं लावलं तर त्यातून सुरेख गोष्टी निघतात. असुसने २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० टीआयचं एक कार्ड काढलं, त्याच्या पाठीवरच एम.२ स्लॉट. कार्डाला आठच लेन लागतात, स्लॉटमध्ये सोळा आहेत, मग उरलेल्यांतल्या चार एसएसडीला द्या. उघडपणे सांगून केलेली ही वाटणी मला मनापासून आवडली.

आणि लेन काही निसर्गाने मोजून दिलेल्या नाहीत. एएमडीच्याच थ्रेडरिपर प्रो ७००० मालिकेत १२८ आहेत. इंटेलने २०१४ मध्ये एकाच सॉकेटचे, सहा-सहा कोअरचे दोन प्रोसेसर विकले: आय७-५९३०के मध्ये ४० लेन, स्वस्त ५८२०के मध्ये २८. तुटवडा मुद्दाम ठेवलेला असतो. जास्त हव्यात तर वरचा माल घ्या. धंदा म्हणून तेही समजू शकतं. पण मग दिलंय किती, ते तरी स्पष्ट सांगा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसी घेणाऱ्याने कोटेशनवर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: माझं कार्ड आणि माझ्या सगळ्या एसएसडी लावल्यावर कोणाला किती लेन मिळतील? उत्तर तोंडी नको, बोर्डाच्या मॅन्युअलमधला तो तक्ता उघडून दाखवायला सांगावं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यांच्याकडे तीन-चार एसएसडी असतातच. प्रोसेसरच्या लेन संपल्या की बाकीच्या एसएसडी चिपसेटवरूनच चालतात, आणि एएम५वर चिपसेटकडे जाणारी वाट चौथ्या पिढीच्या चार लेनची, म्हणजे जेमतेम ८ जीबीची. एक वेगवान एसएसडीच ती जवळजवळ भरून टाकते.

मशीन घरी आलेलं असेल तर जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि बस इंटरफेसची ओळ वाचा. काम नसताना वीज वाचवायला पिढीचा आकडा खाली येतो, त्याने घाबरू नका. लेनचा आकडा पाहा. कार्ड १६ लेनचं असून ८ दिसत असतील तर तक्ता उघडा, मशीन बंद करा आणि एसएसडी ग्राफिक्सच्या लेन न घेणाऱ्या स्लॉटमध्ये हलवा. विंडोज सहसा पुन्हा टाकावं लागत नाही.