चि. विकास आराखड्यास आशीर्वादपत्र

चि. विकास आराखडा (२०२७ ते २०४७) यास,
मुक्काम पुणे, जुनी हद्द.

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझ्या येण्याची वेळ झाली. निदान कागदावर तरी. आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा असं महाराष्ट्राचा नगररचना कायदा सांगतो. तुझ्या घराण्यात कायदा मोडायची पद्धत नाही. सुरुवात वेळेवर करायची, शेवटाचं शेवटी बघायचं.

घराणं मोठं आहे. पणजोबा १९६६चे, आजोबा १९८७चे. वडिलांचं आयुष्य २००७ ते २०२७ असं आधीच लिहून ठेवलेलं, पण शासनाची मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये, महापालिकेची निवडणूक दारात उभी असताना. म्हणजे वीस वर्षांतली पहिली दहा पोटातच गेली. मध्ये २०१३ साली त्यांचं प्रारूप प्रसिद्ध झालं, त्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. पुणेकरानं हरकत घेतली यात नवल नाही. ती पाटीऐवजी अर्जावर लिहावी लागली, याचाच त्याला त्रास झाला असेल. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारनं त्यांना महापालिकेच्या मांडीवरून उचलून विभागीय आयुक्तांच्या समितीच्या मांडीवर ठेवलं. इतक्या मांड्या बदललेलं मूल उशिरा चालायला लागलं तर कुणाला दोष देणार?

आजोबांनी नकाशावर एक मोठा गोल काढला होता. उच्च क्षमता द्रुतगती वर्तुळाकार मार्ग, लांबी साधारण ३६ किलोमीटर. त्यावरून अजून एकही गाडी धावलेली नाही. चर्चा मात्र धावते, आणि मार्ग वर्तुळाकार असल्यामुळे जिथून निघाली तिथेच परत येते. वडिलांनी हा गोल जपून ठेवला. तूही ठेवशील. घरातली जुनी तांब्याची घागर कुणी मोडीत घालतं का?

गावांचं मात्र जरा सांभाळून. १९९७ला ३८ गावं हद्दीत घेतली, त्यातली १५ नंतर परत पाठवली. २०१७ला ११ आली, २०२१ला आणखी २३. मग फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. हद्द आहे की माहेरवाशीण, कळत नाही. आणि यातलं कुठलंही गाव कोरं आलेलं नाही. जमीन गुंठ्यागुंठ्यानं विकून झालेली, दोन इमारतींमध्ये सहा फुटांचा बोळ, वर पाच मजले. तिथे तू तुझा अठरा मीटरचा डीपी रोड शोधायला गेलास तर कुणाच्या तरी ओट्यावर कुकरची तिसरी शिट्टी होत असेल. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१चा. पुढे त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढवली. म्हणजे शहर आधी उभं राहतं, मग नियमित होतं, आणि मग तू रंगपेटी घेऊन येतोस. वाढत्या अंगाला कापड बेतणारा शिंपी पाहिला आहे. जुन्या सदऱ्याचं माप घेऊन 'पुढच्या वीस वर्षांसाठी' अशी चिठ्ठी लावणारा तूच.

टेकड्यांबद्दल काही लिहीत नाही. रोज पहाटे वेताळ टेकडीवर चालणारे लोक ते तुला समोर बसवून सांगतील.

आता कानात सांगायची गोष्ट. नगररचना कायद्याचं कलम १२७ पाठ करून ये. बाग, शाळा, दवाखाना यासाठी तू एखादी जमीन राखून ठेवलीस आणि आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती कुणी घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या चोवीस महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण गळून पडतं. मालकाची बाजूही खोटी नाही. दहा वर्षं ना जमिनीवर हवं तसं बांधता येतं, ना पैसे मिळतात. पण वडिलांना मंजुरी कधी मिळाली? जानेवारी २०१७. लागू झाल्यापासूनची त्यांची दहा वर्षं कधी भरतात ते बोटांवर मोज. ज्या महिन्यात आम्ही तुझ्या बारशाच्या गप्पा मारत असू, त्याच महिन्यात कितीतरी कपाटांतून नोटिशींचे मसुदे निघतील. वडिलांची जन्मतारीख आम्हा नागरिकांपैकी कुणाला आठवत नाही. ज्यांना आठवते, त्यांच्याकडे वकील आहेत. तू उशिरा यावंस म्हणून कुणी देव पाण्यात घालून बसलेलं नाही, असं आपण धरून चालू.

तुझा एक चुलतभाऊ होता, महानगर प्रदेशाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचं प्रारूप आलं, हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या आणि सरकारनं त्याला रद्द केलं. घरात त्याचा विषय कुणी काढत नाही. तूही काढू नकोस.

बाकी क्षेम. थोरांना नमस्कार, एफएसआय आणि टीडीआर या दोघा मामांना विशेष.

तुझाच,
सदाशिव पेठेतून कोथरूडला गेलेला एक आजोबा

ता. क. तू प्रसिद्ध झालास की नकाशा बघायला पहिला मी येईन. आधी आमच्या इमारतीला कुठला रंग दिलायस ते बघेन, मग वेळ उरला तर शहर. रस्तारुंदीची रेघ आमच्या मागच्या भिंतीवरून नेऊ नकोस. शेजाऱ्यांकडे भरपूर जागा आहे.