शिंगं कुणाला, सुळे कुणाला

हा माणूस बोलताना तुमच्या डोळ्यांत बघत नाही. तो तुमच्या कानाच्या पाळीकडे बघतो, मग हनुवटीकडे, मग पुन्हा पाळीकडे. तुम्ही मूतखड्याची हकिकत ऐन रंगात आणलेली असते आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत जातं. ते तुमच्या मूतखड्याबद्दल नसतं. त्याला तुमच्यात कुणीतरी सापडलेलं असतं. इडलीच्या बशीशेजारच्या पेपर नॅपकिनवर तोवर एक प्राणी उमटलेला असतो: तीन डोळे, एकच दात, जमिनीला टेकलेलं पोट आणि शेपटीला गाठ. तुम्ही नॅपकिन उचलता, हसता आणि म्हणता, "अरे, हा तर अगदी आमचा दादा!" तो मान डोलावतो. जास्त काही बोलत नाही, कारण बोलला तर इडलीचे पैसे त्यालाच द्यावे लागतील.

गावोगाव असा एक तरी असतोच. आमचा डोंबिवलीत राहतो आणि सोसायटीतली पोरं त्याला राक्षसकाका म्हणतात. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, विजेच्या बिलाचं पाकीट, औषधाच्या दुकानातली कागदी पिशवी, काहीही त्याला चालतं. परदेशी कागदाच्या महागड्या स्केचबुकांची चळत घरात आहे, पण ती सगळी कोरी. चांगल्या कागदावर त्याचा हात धजत नाही. आता आयपॅड आलाय, त्यात थरावर थर चढवता येतात, चुकलं तर मागे जाता येतं, तरी मधल्या बोटावरचा काळ्या शाईचा डाग गेलेला नाही. बायकोचं म्हणणं असं की तो डाग तो रोज नव्याने लावतो.

शाळेत असताना त्याला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवलं होतं. स्मरणचित्राला विषय आला बसथांबा. बाकीच्यांनी छत्रीवाला म्हातारा, पिशवीवाली बाई आणि लांबून येणारी लाल एसटी काढली. यानेही काढली, फक्त रांगेतल्या एका गृहस्थाला शेपूट दाखवली. चित्रकलेच्या सरांनी नंतर विचारलं, "स्मरणचित्र म्हणजे पाहिलेलं काढायचं. शेपूट कुठे पाहिलीस?" हा म्हणाला, "सर, मध्ये घुसणाऱ्याला असते." सी ग्रेड मिळाली.

घरी आजी म्हणायची, "मेल्या, देवाचं काढ की कधीतरी." मग त्याने गणपती काढला. त्यातला उंदीर इतका हुबेहूब आणि इतका मग्रूर उतरला की गणपती त्याच्याकडे पाहुणा आल्यासारखा दिसू लागला. वडिलांचा मुद्दा वेगळा होता. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते, नोकरी सांभाळून चित्रं काढायचे, तेव्हा तूही आधी इंजिनिअर हो. याने सरवट्यांची चित्रं घेतली आणि इंजिनिअरिंग सोडून दिलं. 'चांदोबा'त शंकर नावाचे चित्रकार विक्रम-वेताळ काढायचे. बाकीची पोरं वेताळाचा प्रश्न वाचून उत्तर शोधायची, हा वेताळाच्या पायाची नखं मोजायचा.

त्याच्या राक्षसांबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. ते परदेशी नाहीत. ड्रॅगन, व्हॅम्पायर वगैरे मंडळींना त्याच्याकडे थारा नाही. जपानात तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने १७७६ साली तिथल्या भुताखेतांची सचित्र पुस्तकंच छापायला घेतली, तसं काम कोकणातल्या भुतांसाठी कुणी केलं नाही, हे त्याचं जुनं दुःख. म्हणून त्याने एकट्याने जनगणना सुरू केली आहे. मुंजा, गिऱ्हा, समंध, खवीस, झोटिंग, जखीण, चकवा, देवचार, सगळ्यांची नोंद आहे आणि सगळ्यांचा सध्याचा पत्ताही आहे.

सगळ्यांत वाईट अवस्था मुंजाची. रस्ता रुंदीकरणात त्याचा पिंपळ गेला आणि बदल्यात दुभाजकावर बोगनवेल मिळाली. चित्रात तो सोडमुंज न झालेला, शेंडी राखलेला पोरगा बोगनवेलीच्या काट्यांत अंग चोरून बसलाय, गुडघ्यांवर पुनर्वसनाचा अर्ज. गिऱ्हाची विहीर बुजवली, तो आता सातव्या मजल्याच्या गच्चीवरच्या टाकीत राहतो आणि पाणी कपातीच्या दिवशी खाली उतरून वॉचमनशी वाद घालतो. समंध पिढ्यान् पिढ्या ज्या हंड्यावर बसून होता तो हंडा वारसांनी बँकेच्या लॉकरमध्ये नेला. समंधही मागोमाग गेला, पण लॉकरच्या खोलीत शिरायला फोटो आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. हडळीचे पाय उलटे, त्यामुळे चपलांच्या दुकानातला पोऱ्या तिला चप्पल घालायला मागच्या बाजूला जाऊन बसलेला. चकव्याला मात्र बरे दिवस आले आहेत. पूर्वी त्याला रानात रात्रभर एकेका वाटसरूला गोल फिरवावं लागायचं. आता तो फोनमधल्या नकाशात बसतो आणि गोड आवाजात डावीकडे वळा म्हणतो.

ही चित्रं बघून कुणी घाबरत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा तर खवीसाचं चित्र उशाशी घेऊन झोपतो. घाबरतो फक्त गणिताच्या बाईंना, आणि त्यांचं चित्र काढायला बापाला घरातून बंदी आहे.

त्याची खरी शाळा म्हणजे डोंबिवलीहून सुटणारी सकाळची लोकल. चौथी सीट मिळाली की एक मांडी हवेत आणि वही दुसऱ्या मांडीवर. समोर झोपलेली, तोंड उघडं पडलेली माणसं. मॉडेलला पैसे द्यावे लागत नाहीत आणि ठाण्यापर्यंत ते हलत नाही. मुलुंडनंतर कुणाच्या तरी नाकाला सोंड फुटायला लागते, कुर्ल्याला कुणाच्या तरी डोक्यातून मशरूम उगवतं. गाडी शिवाजी महाराज टर्मिनसला लागली की बाकीचे पळतात, हा बाहेर येऊन वर बघत उभा राहतो. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली जात होती आणि तिच्यावरच्या कोरीव कामात शेजारच्याच जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पाण्याच्या पन्हळीतून जबडे वासून बघणारे ते दगडी प्राणी रोज लाखो माणसांच्या डोक्यावर असतात आणि वर बघायला कुणाला सवड नसते. हा बघतो. एका पन्हळीच्या प्राण्याशी तर त्याचा नमस्कार-चमत्कार आहे. या धंद्यातल्या माणसांची एक साधी खूण सांगतो. जे. जे.त ज्याला प्रवेश मिळाला नाही तो आर. के. लक्ष्मण यांचं नाव घेतो, कारण त्यांनाही मिळाला नव्हता. ज्याला मिळाला तो या दगडी जबड्यांचं नाव घेतो. आमचा दोन्ही घेतो. पहिल्या वर्षी नाकारला गेला होता, दुसऱ्या वर्षी घेतला गेला.

राक्षसच का, असं कुणी विचारलं की तो कला, लोकपरंपरा, अबोध मन असं काहीबाही बोलतो. खरं कारण मला ठाऊक आहे. त्याला घोडा काढता येत नाही. हातांची बोटंही नीट येत नाहीत, म्हणून त्याची सगळी माणसं खिशात हात घालून उभी असतात. राक्षसाचं मात्र बरं असतं, कोपर उलटं वाकलं तरी शरीरशास्त्र चुकलं असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. मॉरिस सेंडॅकचं १९६३ सालचं जे चित्रपुस्तक जगभरच्या पोरांनी फाटेस्तोवर वाचलं, त्यातही आधी रानटी घोडेच यायचे होते. त्याला घोडे जमेनात, म्हणून राक्षस आले. आणि राक्षसांचे चेहरे कुठून आणले? ब्रुकलिनच्या घरी रविवारी जेवायला येणारे, गालगुच्चे घेणारे, किती गोड, खाऊन टाकावंसं वाटतं म्हणणारे काका आणि मावश्या होत्याच की. आमच्या राक्षसकाकाला हे कळलं तेव्हा तो दिवसभर हवेत होता. त्यालाही चार आत्या आहेत.

पण राक्षसांवर घर चालत नाही. प्रकाशकाला मुलांच्या पुस्तकासाठी राक्षस हवा असतो, पण तो गोड हवा असतो. पहिलं चित्र पाठवलं की फोन येतो, दात जरा कमी करा. मग नखं पालकांना आवडणार नाहीत. मग शिंगांवरून कुणाच्या तरी भावना दुखावतील. मग रंग जरा गोरा. चौथ्या खेपेला उरतं ते एक हसरं, गुबगुबीत, गुलाबी काहीतरी, आणि त्याखाली प्रकाशक गोष्टीतलं वाक्य छापतो की त्या अक्राळविक्राळ राक्षसाला पाहून राजाची दातखीळ बसली. दिवाळी अंकांचं तर वेगळंच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला त्याला, १९०९पासून धरलं तर, शंभराहून अधिक वर्षं झाली, तेवढ्यात मराठीत मुखपृष्ठं बदलली, छपाई बदलली, संपादकांच्या पिढ्या गेल्या. चित्रकाराला अंकाची एक प्रत भेट पाठवण्याची प्रथा तेवढी टिकून आहे.

म्हणून तो लग्नात बसतो. हॉलमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी एक टेबल, वर पाटी, 'पाच मिनिटांत तुमचं अर्कचित्र', समोर पाहुण्यांची रांग. इथेच या माणसाचं सगळं दुःख आणि सगळं ज्ञान एकवटलेलं आहे. रांगेतला प्रत्येक जण पुढच्याच्या चित्राला पोट धरून हसत असतो. मामांची हनुवटी छातीपर्यंत आली, हशा. वहिनींच्या दातांनी अर्धा कागद घेतला, वहिनी सोडून सगळ्यांचा हशा. मग हसणाऱ्याचा नंबर लागतो. पाच मिनिटं तो केस नीट करत, पोट आत घेऊन बसतो. चित्र हातात येतं आणि चेहरा उतरतो.

"माझं नाक असं आहे?"

"थोडं वाढवलंय, काकू."

"थोडं? हे नाक आहे की सज्जा?"

"अर्कचित्रात वाढवावंच लागतं ना."

"मग डोळे वाढवायचे. डोळे माझे चांगले आहेत, सगळे म्हणतात."

आणि मागून यजमानांचा गंभीर आवाज, "नाक बरोबर आहे हं. पण हे टकलावरचं... आमच्यात असं नसतं."

हेच नाक त्याने हिरव्या रंगात, दोन शिंगांखाली, झोटिंग म्हणून काढलं असतं तर काकूंनी ते हातात नाचवत हॉलभर फिरवलं असतं आणि 'अगदी आमच्या नणंदबाई!' असं नणंदेच्याच कानात सांगितलं असतं. त्याचा हा सिद्धान्त मला पूर्ण पटलेला आहे. माणसाला माणूस म्हणून काढलं की तो आरसा मागवतो, राक्षस म्हणून काढलं की शेजाऱ्याला बोलावतो. तरी तो लग्नात माणसंच काढतो, कारण झोटिंगाचे पैसे वधूपिता देत नाही. अलीकडे त्याने मधला मार्ग काढला आहे. लग्नात काकूंचं नाक बेताचं काढायचं आणि उरलेलं नाक घरी नेऊन झोटिंगाला लावायचं.

गेल्या वर्षी सोसायटीने त्याच्याकडून ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचं पोस्टर करून घेतलं. फुकट, अर्थात; घरचाच माणूस. त्याने लिफ्टजवळ एक भला मोठा राक्षस लावला. तो केळ्याची सालं, बॅटरीचे सेल, डायपर आणि जुना मिक्सर एकाच पिशवीत कोंबून, रात्री सव्वाअकराला, चोरपावलांनी जिन्यात ठेवत होता. अंगात गंजीफ्रॉक, खांद्याला टॉवेल, कपाळावर तीन आठ्या. दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याची शिस्त एकदम सुधारली, कारण प्रत्येक मजल्याला तो वरच्या मजल्यावरचा वाटला. तिसऱ्या मजल्याने चौथ्याचं नाव घेतलं, चौथ्याने पाचव्याचं. सातव्याला वर कुणी नसल्यामुळे त्याने चेअरमनचं घेतलं. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत आला. एक तास चर्चा झाली, पार्किंगला मिळाली त्याहून जास्त. तो राक्षस नेमका कोण, हे राक्षसकाकाने सांगावं अशी मागणी झाली. तो उभा राहिला आणि म्हणाला, "कुणीच नाही. गंजीफ्रॉक फक्त माझा आहे." हे कुणालाच पटलं नाही. पोस्टर काढून टाकण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

रात्री सेक्रेटरींनी त्याच्या घराची बेल वाजवली. पोस्टर गुंडाळी करून त्यांच्या काखेत होतं.

"हे माझ्याकडे ठेवलं तर चालेल का? म्हणजे, टाकून कशाला द्यायचं. आमच्या हिने बघितलं, ती म्हणते, आठ्या फार छान जमल्या आहेत."

"ठेवा की."

"आणि तुमचा कागदाचा, रंगांचा जो काही खर्च झाला असेल तो देऊन टाकू. फक्त ठराव झालाय ना उतरवायचा, त्यामुळे पोस्टर म्हणून दाखवता येत नाही. पेस्ट कंट्रोलमध्ये टाकलं तर तुमची हरकत नाही ना?"